भाऊनी आंडेर

आत्याने मला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. माझं नाव आणि तिच्या सासूचं नाव एकच होतं, आणि सासूचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. सासू जाऊन वीस वर्षं झाली तरी ते नाव आत्याच्या तोंडात आलं नाही. मी विहिरीवर असले की ती दारातून ओरडे, "कोठे गयी वं, भाऊनी आंडेर?" आमच्या बोलीत आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा. भाऊनी आंडेर, म्हणजे भावाची मुलगी. शहरातल्या माणसांच्या कानाला हा शब्द वाईट लागतो, ती तोंडावर हात धरतात. आम्हाला काही वाटत नाही. बाप लेकीला देवळात उभा राहूनही असंच म्हणतो.

आत्याचं घर धुळ्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, अंगणात विहीर आणि विहिरीवर वाकलेला निंब. नवरा मेल्यावर तिने अंगावरची चांदी मोडून ते घर स्वतः विकत घेतलं आणि तिथे खानावळ घातली. कोर्टात तारखेला आलेली गावोगावची माणसं तिच्याकडे जेवत. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ठेचा. जेवताना ती आपापले दावे सांगत, आत्या वाढता वाढता ऐके. सासरचं कोणी उरलं नव्हतं. माहेरची आम्ही दोघं होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ.

मी सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले. माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यात. आईबाप गेले, घर भावाचं झालं, आणि मी बारा वर्षं त्याच्या चुलीपुढे बसले. भाऊ वाईट नव्हता. पण त्या घरात मीठ घ्यायचं तर भावजयीला विचारावं लागे. मग आत्याचे गुडघे आखडले, तिने मला धुळ्याला बोलावलं. पहिल्या दिवशी मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "हाई तुनी."

ती वर्षं मला नीट ओळीने आठवत नाहीत. दुपारी जेवणारे उठून गेले की गल्लीत आवाज राहत नसे. निंबाची बारीक फुलं विहिरीत पडत आणि पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखी दिसे. मी काठावर बसून त्या फुलांकडे बघत राही. बादली सोडली की साय फाटे, ओढली की पुन्हा जुळे. तासभर गेला की थोडा वेळ, ते कळत नसे. स्वप्नावर माझा विश्वास नाही, पण त्या अंगणात जागेपणीही माणूस पुरता जागा नसे.

आत्या एका हिवाळ्यात गेली. दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. त्या आठवड्यात सकाळचं धुकं इतकं होतं की पांझरेच्या पलीकडचा काठ नाहीसा झाल्यासारखा वाटे. ती तीन दिवस खाटेवर होती. जाण्याआधी एवढंच बोलली, "पापडना डबामा कागद शे."

तेरावं झाल्यावर मी डबा उघडला. पापडांच्या खाली घडी केलेला कागद होता. मोडीत लिहिलेलं मृत्युपत्र, घर भाऊनी आंडेरला, खाली आत्याचा अंगठा आणि दोन साक्षीदार. एक कागद लिहिणारा स्वतः, तो वारला होता. दुसरे शिरपूरकडचे एक आबा. बांधाच्या दाव्यापायी ते अकरा वर्षं आमच्याकडे जेवत होते. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले होते, तेव्हा तिने हे करून ठेवलं. मला एका शब्दाने सांगितलं नाही.

कागद घेऊन मी वकिलांकडे गेले. ते कोकणाकडचे, धुळ्यात स्थायिक झालेले. त्यांनी मला प्रोबेट म्हणजे काय ते सांगितलं. मला समजलं ते असं. माणूस मेल्यावर त्याचा कागद बोलतो, पण तो खरोखर त्याचाच कागद आहे का, हे आधी कोर्टाने पाहायचं. ज्यांचा हक्क लागू शकतो त्या सगळ्यांना नोटीस द्यायची. कोणाची हरकत नसेल तर एका साक्षीदाराला विचारायचं, अंगठा लावताना तू पाहिलंस का. पटलं की मेलेल्याने ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्या हातात कोर्ट शिक्क्याचा कागद देतं. तेच प्रोबेट.

"आपल्या भागात हे घेतलंच पाहिजे असं नाही," वकील म्हणाले. "पण घराच्या नोंदीला उद्या कोणी आडवं आलं, तर हा कागद हातात असलेला बरा. बाईंनी कागदात तुमचं नाव का घातलं नाही?"

"ती माझं नाव घेत नव्हती," मी म्हणाले.

"भांडण होतं?"

"नाही. सासूचं नाव माझं आहे."

ते हसले आणि दुसऱ्या पक्षकाराकडे वळले. ही गोष्ट त्यांनी लिहून घेतली नाही. मीही जोर केला नाही.

गल्लीत प्रोबेट हा शब्द कोणाला उच्चारता येईना. शेजारीण सगळ्यांना सांगत फिरली, "बाईले जित्ती व्हती तवय पोर नही, आनि मरनी तवय पोरबेट!" मला हसू आलं. आत्या असती तर तीही हसली असती, आणि मग शेजारणीला ताक दिलं नसतं.

आता चूक झाली ती अशी. अर्जासोबत मोडी कागदाची बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल आणि साध्या मराठीत अर्थ द्यायचा होता. ते काम वकिलांच्या कारकुनाकडे आलं. कारकून जळगावजवळच्या असोद्याचा. "मी खान्देशचाच आहे, मला काय विचारता," असं तो वकिलांना म्हणाला. पण त्याच्या गावची बोली वेगळी, आमची वेगळी. आंडोर म्हणजे मुलगा एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. आंडेर त्याला ठाऊक नव्हतं. शिवाय त्या शब्दावर पापडाच्या तेलाचा डाग पसरला होता. त्याने अर्थ लिहिला, 'माझ्या भावाचा मुलगा'. वकिलांनी न वाचता सही केली, मला दाखवलीही नाही. आणि हीच नक्कल नोटिशीबरोबर माझ्या भावाकडे गेली.

आठ दिवसांत भाऊ सर्व्हिस मोटारीने धुळ्याला आला. पारोळ्यात कोणाकडून तरी त्याने नक्कल वाचून घेतली होती. धुळीने पांढरा झालेला, तसाच अंगणात उभा राहिला. मी पाणी दिलं.

"अक्का, मी तुनं घर मागाले येल नही," तो म्हणाला. "कागद सांगस, घर मनं शे."

"कागद चुकीचा लिहिलाय."

"तुनाच वकीलनी लिखा ना?"

मी विहिरीवरची बादली सरळ करून ठेवली.

"तू कोठे जाशी असं नही," तो म्हणाला. "मना घरमा तुले जागा शेच. खानावळ मी कोनाले तरी चालावाले दिसू, तू चाल घर."

"तुझ्या घरात बारा वर्षं बसले. पुरे झालं."

"तुले काय कमी करं आम्ही?"

"मीठ," मी म्हणाले.

त्याला ते समजलं नाही. समजेल असं मला वाटलंही नव्हतं. तो पाणी पिऊन निघून गेला आणि त्याच दिवशी वकील करून हरकतीचा कागद दिला. त्याला फार लबाडी करावी लागली नाही. मृत्युपत्र नसतं तरी सासरचं कोणी नाही म्हणून तेव्हाच्या कायद्याने घर त्याच्याकडेच गेलं असतं, आणि मृत्युपत्र होतं तर त्यात तोच लिहिला होता. त्याला दोन्हीकडून वाट मोकळी दिसत होती. माझी वाट एकच होती, पारोळ्याच्या मोटारीत बसून परत जाण्याची.

तारीख लागेपर्यंत चैत्र आला. त्या दिवसांत दुपारी डोळा लागला की आत्या दिसे. ती वाढत असे, पंगत उठतच नसे, आणि ती मला हाक मारायला तोंड उघडी. तोंड हलताना दिसे, आवाज येत नसे. मी म्हणे, घे की एकदा नाव. ती नुसती भाकरी मोडून समोरच्याच्या ताटात टाके. जाग आल्यावर विहिरीवरचं रहाटचाक कुरकुरत असे, वाऱ्याने.

तारखेच्या दिवशी कोर्टात छताचा कापडी पंखा हलत होता. दोरी ओढणारा बाहेर बसला होता आणि मधूनच झोपी जात असावा, कारण पंखा थांबे आणि सगळी माणसं एकदम घामाला लागत. खिडकीतून निंबाची फुलं येऊन जमिनीवर सरकत होती. बोलणं लांबून येतं आहे असं वाटत होतं. वकिलांनी उठून सांगितलं की नकलेत चूक झाली आहे, मूळ कागद पाहावा.

भावाचा वकील म्हणाला, "अर्ज यांचा, नक्कल यांची. हरकत येताच अर्थ बदलला."

न्यायाधीश साहेबांनी मूळ कागद उचलून उजेडात धरला. "डाग आहे. आणि ही भाषा मला येत नाही. ही बाई कोण, अर्जदार? तुम्हाला मोडी वाचता येते?"

"चौथीपर्यंत शाळा शिकले," मी म्हणाले. "येते."

"मोठ्याने वाचा."

कागद माझ्या हातात दिला. त्याला अजून उडदाचा आणि हिंगाचा वास होता. मी वाचलं. "हाई घर मी मनी चांदी मोडीसन लिधं शे. कोनी दिधं नही. मना मांगे घर, विहीर, चूल, भांडा बठ्ठं भाऊनी आंडेरनं, आनि मना मांगलं बठ्ठं काम तिकडेच. दुसरा कोनी हात लावानं नही. मी बोलस तसंच लिखं शे, शुद्ध करेल नही." मग साहेबांसाठी अर्थ सांगितला, माझ्यामागे सगळं भावाच्या मुलीचं, आणि मागचं कामही तिकडेच.

तो शब्द आला तेव्हा मागे दोन-तीन जण फिसकन हसले. साहेबांनी वर पाहिलं तसे गप्प झाले. मी भावाकडे पाहिलं नाही. पण माझ्याच तोंडून आत्या बोलते आहे असं मला वाटलं, आणि तसं कोणाकोणाला वाटलं असेल ते मला माहीत नाही.

"साहेब, डाग आंडेरवर आहे," मी म्हणाले. "पण त्याच्या आधी 'भाऊनी' आहे. मुलगा असता तर 'भाऊना' लिहिलं असतं. भाऊना आंडोर, भाऊनी आंडेर. तिथे डाग नाही."

भावाचा वकील म्हणाला, "म्हातारा लिहिणारा, हात थरथरणारा. काना लिहिताना वेलांटी झाली असेल. एका वेलांटीवर घर द्यायचं?"

साहेब म्हणाले, "घर कोणाचं हे मी इथे ठरवत नाही. कागद खरा आहे का आणि काम कोणावर सोपवलं आहे, एवढंच पाहतो. साक्षीदार बोलवा."

शिरपूरकडचे आबा आले. त्यांनी पागोटं काढून पुन्हा घातलं. शपथ झाली. बाईने अंगठा लावताना पाहिलंत का, तर हो. तुम्ही अंगठा लावताना बाईने पाहिलं का, तर हो. दुसऱ्या साक्षीदाराने सही केली ती तुमच्यासमोर का, तर हो. इथवर सगळं बरं चाललं.

"बाई आंडेर म्हणाली की आंडोर?" माझ्या वकिलांनी विचारलं.

"साहेब, मी जेवत व्हतू," आबा म्हणाले.

कोर्टात सगळे हसले. माझ्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"मग तुम्ही काहीच ऐकलं नाही?" भावाच्या वकिलाने खूश होऊन विचारलं.

"आयकं ना. लिखनारानी सांगं, बाई, नाव सांग, नाव लिखनं पडस. ती बोलनी, नाव मले घेता येत नही. तो बोलना, नाव नही ते कागद लंगडा राही. ती बोलनी, राहू दे लंगडा. दोनीजन भांडी राहिंतात आनि मनं भरीत थंडं व्हई गयं."

साहेब पुढे झुकले. "नाव घेता येत नाही? का?"

"ते मले काय मालूम? मी भाकर मांगी, ती बी दिधी नही लवकर."

माझ्या वकिलांनी डोळे उघडले. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्यांना आता आठवलं असावं. ते सावकाश म्हणाले, "आबा, बाई आपल्या भाच्याचं नाव कधी घेत असे का?"

"दिनभर घे. भाचाले शिव्या देवानी ते बी नाव लिसन देवानी. आठे समोर बसेल शे, त्यालेच इचारा."

सगळे भावाकडे वळले. मीही पाहिलं. तो जमिनीवरच्या फुलांकडे बघत होता. लहानपणी आत्या गावी यायची तेव्हा ओट्यावरून त्याला पूर्ण नावाने बोलवायची, बापाच्या नावासकट, आणि मला नुसतं भाऊनी आंडेर. तो मला चिडवायचा, तुला नावच नाही म्हणून. मी रडायचे. तेच त्यालाही दिसत असणार.

तो उठून उभा राहिला. त्याच्या वकिलाने बाही ओढली, त्याने सोडवून घेतली.

"साहेब, बस व्हयनं," तो म्हणाला. "मले वाचता येत नही. मी नक्कल आयकी व्हती. आज असल आयकी. भाऊनी आंडोर असं आमनाकडे कोनी बोलत नही, पागल बी बोलत नही. आनि नाव नही लिखं ते अक्कानं नाव शे म्हनीसन. अक्कानं नाव आनि आत्यानी सासूनं नाव एकच शे. मनं नाव रातं ते आत्यानी लिखं रातं."

साहेबांनी ते साध्या मराठीत पुन्हा विचारून घेतलं, तुमचं नाव असतं तर तिने लिहिलं असतं, असंच ना? हरकत मागे घेता का? घेतो. कोणाच्या धाकाने नाही ना? तो म्हणाला, "धाक कशाना? आत्या मरी गयी." पुन्हा लोक हसले. या वेळी तो हसला नाही.

त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला नाही. मी पान वाढून ठेवलं होतं. तो पांझरेच्या काठी बसून राहिला आणि तिथूनच मोटारीला गेला, असं शेजारणीने सांगितलं. हरकत त्याने मागे घेतली, राग घेतला नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. हातात आलेलं घर आपल्याच तोंडाने सोडून दिल्यावर माणूस ज्याला दिलं त्याच्यावरच रागावतो. तो पुढे चार वर्षं आला नाही. मग आला, कारण त्याची स्वतःची तारीख होती. गिऱ्हाइकासारखा पंगतीत बसला, मीही गिऱ्हाइकासारखं वाढलं. उठताना म्हणाला, "भरीतमा मीठ जादा शे." मी म्हटलं, "माझं मीठ आहे." तेव्हा मात्र हसला. त्याला तेव्हा कळलं असावं, किंवा नसेलही.

प्रोबेट त्याच वर्षी पावसाळ्यात मिळालं. जाड कागद, मोठा शिक्का, आणि त्याला शिवलेली मृत्युपत्राची नवी नक्कल. या वेळी कारकुनाने शब्द तसाच ठेवला होता आणि पुढे लिहिलं होतं, 'आंडेर म्हणजे मुलगी'. वकील म्हणाले, "बाईंनी नाव घातलं असतं तर एका महिन्यात झालं असतं." ते खरं होतं. आत्याने एवढी वर्षं लोकांचे दावे ऐकले. लिहिणारे लोकांचं बोलणं शुद्ध करतात आणि मग ते त्यांचं राहत नाही, हे तिला पक्कं कळलं होतं, म्हणून आपला कागद तिने शुद्ध करू दिला नाही. आणि मग एका नावापाशी येऊन अडली. मी माझा कागद लिहिला आहे. त्यात नावं घातली आहेत, सगळ्यांची, बापासकट.

प्रोबेट मी त्याच पापडाच्या डब्यात ठेवलं, फक्त मेणकापडात गुंडाळून. त्या दुपारी पाऊस थांबला होता आणि विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर आलं होतं. मी काठावर टेकले तिथेच माझा डोळा लागला. आत्या आली. ओला पदर पिळत निंबाखाली उभी राहिली, घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता कोर्टाचा शिक्का झाला, आता तरी घे. तिने तोंड उघडलं. आवाज स्पष्ट आला.

"कोठे गयी वं, भाऊनी आंडेर?"

मेली तरी सासूला भिते. मी उठले आणि चूल पेटवली, तारखेची माणसं यायची वेळ झाली होती.